खुर्दा

मुहर्रकच्या मागच्या गल्लीत, सनदच्या घरी,
जेवणाच्या टेबलावर वाळूच्या रंगाची चादर अंथरली
की शुक्रवारचं युद्ध सुरू.
(सनद हे त्याचं नाव. आमच्याकडे ते कागदाचं असतं, म्हटलं,
तर हसला. मग मला जपून ठेव, म्हणाला.)

फौज हजार गुणांची. आत काय भरायचं ते ज्याचं त्याने बघावं.
वेताची ढाल धरलेला गावठी शिपाई: तीन गुण.
राजाच्या खास पथकातला,
भाल्याच्या बुडाला सोन्याचं डाळिंब असलेला: सतरा.
एका डाळिंबात पाच गावठी, वर दोन गुण सुटे.
मी बारा डाळिंबं घेतो.

आठवडाभर गोदीत हेच तर करतो मी,
पंप केवढ्याचा, वेल्डर किती तासांचा,
एक भारी व्हॉल्व्ह परवडेल की साधे दोन.
तिथे माझा आकडा चुकत नाही.

एकेकाला तीन रात्री लागल्या रंगवायला.
एसीच्या घरघरीत श्वास रोखून
तीन केसांच्या ब्रशने डाळिंबावर पिवळा ठिपका.
बाकीचे तपकिरी पाण्यात बुचकळले, वाळवले, झालं.
त्यांना चेहरे नाहीत.
दोघांना डोळे आहेत, तेही हात हलला म्हणून.

अडचण अशी, की महाग माणूस पुढे जात नाही.
म्हणजे, तो तयार असतो. मीच पाठवत नाही.
टेकडीवरून सनदचे गोफणवाले धोंडे भिरकावतात,
माझे तीन-तीन गुण आडवे होतात,
मी त्यांना चिमटीत उचलून डब्याच्या झाकणात टाकतो
आणि स्वतःशी म्हणतो, अजून नको, पुढच्या पाळीला.
दारात हत्ती झुलतोय
आणि पाणी मात्र शेजाऱ्याच्या गाढवावरून.

सहाव्या पाळीला पाठवले एकदाचे, डाव्या बगलेवरून.
फासा: एक.
पुन्हा टाकला. एक.
तिघे पडले. सतरा गुण पडले काय नि तीन पडले काय,
टेबलावर शिशाचा आवाज तोच.

हरल्यावर चहा येतो, वेलची जास्त झालेला.
सनदचा आईकडचा आजोबा मोत्यांचा व्यापारी,
बापाकडचा पाणबुड्या.
(ते लग्न कसं जमलं, हे मी अजून विचारलेलं नाही.)
मोत्याचं वजन दुप्पट तर भाव चौपट, तो सांगतो,
हा हिशेब मुंबईचा, तुमच्याच पेढ्यांवरचा.
आणि दुप्पट खोल जाणाऱ्या माणसाचा?
त्याला तेच खजूर, तोच भात.
बुडाला, तर कर्ज मुलाच्या नावावर.

मला पानिपतावरून आलेली ती चिठ्ठी आठवते.
दोन मोती गळाले. मोहरा सत्तावीस.
खुर्द्याची गणती नाही.
मोडक्या इंग्रजीत मी त्याला अर्थ सांगतो,
कोण मोती, कोण मोहरा,
खुर्दा म्हणजे काय, हे सांगताना अडखळतो.

तो झाकणाकडे बघत राहतो.
मग त्यातला एकेक उचलून चादरीवर उभा करतो,
तोंडातल्या तोंडात, अरबीत.
चहावर साय धरते.
एकतीस, तो म्हणतो. आहे की गणती.

परतताना पुलावर टॅक्सी अडकली,
डोक्यावरून एक विमान चाकं काढून उतरत होतं.
मांडीवर दोन डबे. एकात बारा जण,
पडलेले तिघे धरून,
फोमच्या खाचांत कोरे करकरीत.
दुसरा बिस्किटांचा, सगळे एकमेकांवर, खुळखुळणारा.

पुढच्या शुक्रवारी आठ घ्यावेत का? सहा?
मी बाराच लिहीन, मला माहीत आहे.
पण डोळेवाल्या दोघांपैकी एकाचा भाला मोडलाय आज.
घरी तारेचा तुकडा कुठेतरी असायला हवा.